घरचा डॉक्टर कार्डात बसत नाही

मागच्या महिन्यात मंगरूळपीरला एका लग्नात जेवायला बसले होते. वाढणारा माणूस वरणाची बादली घेऊन माझ्यापाशी थांबला आणि वाकून तोंडाकडे पाहत म्हणाला, "तुमी कार्डवाल्या बाई ना?" मी हो म्हणायच्या आत बादली खाली ठेवून तो उकिडवा बसलासुद्धा. त्याच्या वडिलांना चालताना दम लागत होता. जवळचा, ओळखीचा आणि कार्ड घेणारा असा एखादा डॉक्टर सांगा, एवढीच त्याची मागणी होती. तिकडे पंगत खोळंबली. समोरचे पाहुणे कोरडा भात चिवडत माझ्याकडे अशा नजरेनं बघत होते, जणू वरण मीच अडवून धरलं आहे.

मी त्याला तेच सांगितलं जे सगळ्या नोकरीभर सांगत आले. जवळचा, ओळखीचा आणि कार्डवाला, या तिन्ही गोष्टी एका डॉक्टरात मिळत नाहीत. दोन मिळाल्या तर नारळ फोडावा. त्याच्या वडिलांना कुठं न्यायचं ते त्याच्या हातावर लिहून दिलं, तेव्हा कुठं आमच्या रांगेला वरण मिळालं.

माझ्या कामाचं सरकारी नाव आरोग्यमित्र. आता मी निवृत्त आहे, पण मित्र निवृत्त होतो हे आमच्या जिल्ह्यात कोणाला मान्य नाही. वाशिमच्या एका खाजगी दवाखान्यात, दारातून आत शिरल्यावर डाव्या हाताला, औषधांचं दुकान आणि चपला काढायची जागा यांच्या मधोमध माझं टेबल होतं. त्या टेबलामागं माझी उमेदीची वर्षं गेली. कोणाच्या चपला हरवल्या तरी लोक मलाच विचारायचे.

बाहेरच्यांसाठी कामाची गोष्ट थोडक्यात सांगते. सरकारनं गोरगरिबांचा, आणि आता तर सगळ्यांचाच, आरोग्य विमा काढलेला आहे. ठरलेल्या आजारासाठी ठरलेल्या दवाखान्यात भरती झालं, की इलाज फुकट. या एका वाक्यात 'ठरलेल्या' हा शब्द दोनदा आला आहे आणि माझी सगळी नोकरी त्या शब्दापायी भांडण्यात गेली. माणूस आला की त्याचं रेशनकार्ड आणि आधार बघायचं, अंगठा घ्यायचा, डॉक्टरांचे कागद कंप्युटरवर चढवायचे, वरून परवानगी मागायची, खाटेवर झोपलेल्या पेशंटचा फोटो काढून पाठवायचा. अंगठा ही आमच्याकडची मोठी अडचण. जन्मभर निंदण-खुरपण केलेल्या बाईच्या बोटावर रेघाच उरत नाहीत. मशीन म्हणतं ही बाई नाहीच, आणि बाई समोर बसून माझ्याशी भांडत असते. फोटोचं उलटं. पोटातल्या कळेनं कण्हणारा माणूससुद्धा फोटो म्हटला की उठून कंगवा मागतो.

सगळ्यात अवघड काम म्हणजे योजनेत काय बसत नाही ते समजावणं. सर्दी बसत नाही, ताप-खोकला बसत नाही, अंगदुखी बसत नाही. जऊळक्याहून रेल्वेनं एक गृहस्थ खास ताप घेऊन आले होते. यादीत ताप नाही म्हटल्यावर त्यांनी यादीत काय काय आहे ते विचारलं. मी चार-दोन नावं वाचून दाखवली. ते शांतपणे म्हणाले, "मंग त्यातलं एखांदं लिहून टाका." लिहून होत नसतं, व्हावं लागतं, असं मी म्हणाले तेव्हा त्यांनी उरलेली यादी ऐकलीच नाही आणि परतीची गाडी धरली.

मंगरूळपीरचे रशीदचाचा याच्याही पुढचे. ते शिंपी. कार्ड आलं त्या आठवड्यात त्यांनी अख्ख्या मोहल्ल्यातल्या कार्डांना मखमली कापडाच्या पिशव्या शिवून दिल्या. मग वर्षभरानं एक दिवस माझ्यासमोर येऊन बसले आणि काळजीच्या सुरात म्हणाले, "कार्ड हाय, दवाखाना हाय, बीमारी काहीच नाही. बाई, हे वाया जाऊन राह्यलं." मी त्यांना म्हटलं, चाचा, वाया जाऊ द्या, अल्लाचे आभार माना. ते उठले, पण चेहरा असा, जणू रांगेत उभं राहूनही रेशन मिळालं नाही.

या सगळ्यांचा खरा रोख एकच असायचा. त्यांना त्यांचा घरचा डॉक्टर कार्डात पाहिजे होता. सायकलच्या अंतरावरचा, नावानं हाक मारणारा, आजोबाला काय झालं होतं ते न सांगता माहीत असलेला. तो डॉक्टर कार्डात बसत नाही. त्याच्याकडे खाटा नसतात, ऑपरेशनची खोली नसते. त्याच्याकडे एक बाक असतो आणि वेळ असतो, आणि या दोन गोष्टींना कोणत्याही यादीत जागा नाही. हे लोकांना समजावता समजावता मलाच ते पटेनासं झालं होतं.

आता केनवडकडे वळते. रिसोड तालुक्यातलं हे चांगलं मोठं गाव, बाजाराचं. नोकरीच्या सुरुवातीला माझ्या एक गोष्ट लक्षात आली. केनवडचा पेशंट आला की बाकी सगळे कागद बरोबर आणतो, फक्त योजनेचं कार्ड आणत नाही. कुठं आहे विचारलं की ठरलेलं उत्तर, "डाक्तरपाशी आहे." मग कोणीतरी मोटारसायकलवर गावाकडे पळायचं. मला वाटलं, एखादा डॉक्टर लोकांची कार्डं दाबून बसला आहे आणि त्यात काहीतरी काळंबेरं आहे. मी नंबर मिळवून फोन लावला आणि आवाज चढवूनच बोलले.

पलीकडे डॉ. ढोबळे होते. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि मग थकल्या आवाजात खुलासा केला. कार्डं वाटली गेली तेव्हा गावानं असा अर्थ लावला की हे कार्ड डॉक्टरसाठी आहे. सातबारा तलाठ्याकडे, पैसा बँकेत, तसं दुखण्याचं कार्ड डॉक्टरकडे. ज्याच्याकडे जमा केलं तो डॉक्टर आपल्या नावावर लागतो, असा समज. एका सकाळी बाया-माणसं दवाखान्यात आली आणि टेबलावर कार्डं ठेवून निघून गेली. डॉक्टरांनी परत न्यायला सांगितलं, तर लोक विचारू लागले की आमच्याकडून काय चुकलं. शेवटी त्यांनी बिस्किटांचा एक मोठा पत्र्याचा डबा रिकामा केला आणि आळीआळीची कार्डं रबर लावून त्यात ठेवून दिली.

मी त्यांना म्हटलं, साहेब, मुळात ते कार्ड लागतच नाही. आधार आणि रेशनकार्ड टाकलं की कंप्युटरवर सगळं दिसतं. ते कार्ड नुसतं शोभेला.

डॉक्टर म्हणाले, "बाई, मला सांगितलं ते सांगितलं, गावाला सांगू नका."

कारण त्यांनी नंतर सांगितलं. गावातली एक तरणी सून. पाठ दुखते, अंगावरून जातं म्हणून तिला बाहेरच्या एका दवाखान्यात नेलं आणि त्यांनी सरळ गर्भपिशवी काढायला सांगितली. कार्डावर फुकट होतं, मग अडचण काय? नवरा कार्ड न्यायला ढोबळेंकडे आला. डॉक्टरांनी कार्ड दिलं नाही, आधी बायकोला घेऊन ये म्हणाले. तिला बाकावर बसवून तपासलं, औषध सुरू केलं, रिसोडला एका जाणत्या डॉक्टरीणबाईला दाखवलं. पिशवी जागेवर राहिली. त्या पोरीला पुढं लेकरू झालं. तेव्हापासून कार्ड न्यायला येणाऱ्या प्रत्येकाला ढोबळे विचारायचे, कुठं चाललास, कशाला, कोण म्हणालं. गरज असेल तर तासाभरात गाडीत बसवून द्यायचे, नसेल तर गोळी देऊन घरी पाठवायचे. योजनेत त्यांना जागा नव्हती, पण त्यांना ओलांडून केनवडचं कोणी योजनेत शिरू शकत नव्हतं.

मी पुन्हा कधी आवाज चढवला नाही. केनवडचं कोणी आलं की मीही चेहरा सरळ ठेवून म्हणायची, कार्ड घेऊन या. तातडीचं असलं तर इकडे कागद आधीच चढवलेले असायचे, परवानगीही मागितलेली असायची. कार्ड मागाहून सावकाश यायचं आणि मी ते मोठ्या गांभीर्यानं उलटसुलट करून बघायची. त्या अभिनयाला एखादं बक्षीस मिळायला हरकत नव्हती.

अशात पंचफुलाबाई आल्या. केनवडच्या बाजारात भाजी विकणारी ही म्हातारी. अंगानं काटकुळी, आवाजानं अख्खा बाजार भरून काढणारी. शेळीमागं धावताना अंगणात पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. मुलगा गजानन त्यांना गाडीत घालून वाशिमला घेऊन आला. कार्ड अर्थातच डब्यात होतं. मी नेहमीप्रमाणे कागद चढवले, परवानगी आली, सर्जनसाहेबांनी ऑपरेशन ठरवलं, आणि पंचफुलाबाईंनी नाही म्हणून सांगितलं.

ढोबळे डॉक्टरनं बघितल्याशिवाय अंगाला सुरी लावू देणार नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या घरात हीच रीत होती. बाहेरच्या कोणत्याही डॉक्टरनं औषध लिहून दिलं की ते आधी ढोबळेंकडे जायचं. ते जीभ बघायचे, भूक लागते का विचारायचे, गोळ्यांची पट्टी हातात घेऊन परत द्यायचे, आणि मगच पहिली गोळी पोटात जायची. सर्जनसाहेब तरुण होते पण स्वभावानं गरीब. त्यांनी खाटेशेजारी बसून समजावलं. असंच पडून राहिलात तर पाठीला जखमा होतील, छातीत कफ भरेल, आणि पाय कायमचा जाईल. म्हातारीनं सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "ढोबळे डाक्तर काय म्हनते?"

मी फोन लावून दिला. डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, करून घे. पंचफुलाबाईंनी फोन माझ्या हातात परत दिला. "फोनवर काय जीभ दिसते?" असं म्हणून त्यांनी तोंड भिंतीकडे केलं.

गजानन बाहेर येऊन माझ्या टेबलापाशी रडला. चांगला बाप्या माणूस. म्हणाला, माय चालली नाही तर ती जगणार नाही, बाजार बंद झाला की ती आठवड्यात संपेल. ते खरंच होतं. तिनं मलाही ऐकवलं होतं, चालता येत नसेल तर मले कायले जगवता. मी दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकली आणि केनवडची बस धरली.

ढोबळेंना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. फोनवरच्या आवाजावरून मी चांगला उंचपुरा माणूस मनात धरला होता. निघाले लहानखुरे, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. एक खोली, एक बाक, आणि कपाटावर तो डबा. मी म्हटलं, चला. ते म्हणाले, येणार नाही. मला राग आला. एवढा अभिमान कसला?

अभिमान नव्हता, भीती होती. आमच्याकडे छोट्या डॉक्टरनं मोठ्या दवाखान्यात पेशंट पाठवला, की त्यात त्याचा वाटा असतो असं लोक धरूनच चालतात, आणि दरवेळी ते खोटं असतं असंही नाही. म्हणून ढोबळेंनी आयुष्यात कोणत्याही खाजगी दवाखान्याची पायरी चढायची नाही असं ठरवलं होतं. नातेवाईक भरती असला तरी जात नसत.

"मी पायरी चढलो की गाव म्हणेल, डॉक्टरनं पंचफुला विकली," ते म्हणाले. "मग डब्याला काय अर्थ राहिला, बाई? मी कार्ड दिलं काय आणि नाही दिलं काय, कोणी विश्वास ठेवणार नाही."

चहा झाला, दोन पेशंट झाले. तेवढ्यात मला बायकांच्या वॉर्डाची खिडकी आठवली. खालच्याच मजल्यावर, मागच्या बाजूला, कडुनिंबाखाली. मी म्हटलं, साहेब, पायरी चढू नका, आमच्याकडे खिडकी आहे. डॉक्टरांनी डबा खाली काढला, पंचफुलाबाईंचं कार्ड शोधून शर्टाच्या खिशात घातलं आणि बाहेरच्या माणसांना उद्या या म्हणून सांगितलं.

दुपारी आम्ही दवाखान्याच्या मागं पोहोचलो. मी आत जाऊन खाट खिडकीशी सरकवून घेतली. बाहेर डॉक्टर टाचा उंचावून गजांना धरून उभे राहिले. वॉर्डातल्या सगळ्या बाया उठून बसल्या. सर्जनसाहेबसुद्धा आले, पण शहाण्यासारखे दारातच थांबले.

डॉक्टरांनी जीभ दाखवायला सांगितली. पंचफुलाबाईंनी ती हातभर बाहेर काढली. भूक लागते का विचारलं, तर इथला भात कच्चा राहतो अशी तक्रार आली. डॉक्टर म्हणाले, म्हणजे लागते. मग त्यांनी गजांतून हात घालून तिची नाडी धरली.

"करून घे, पंचफुला."

"तुमी म्हनता?"

"मी म्हणतो."

"मंग तुमीच काहून करत नाही?"

"मले येत नाही ते," डॉक्टर म्हणाले. "ह्या साहेबाले येते."

माझ्या टेबलावरून मी पुष्कळ डॉक्टर पाहिले, पण मला येत नाही असं पेशंटच्या तोंडावर म्हणणारा त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. पंचफुलाबाई मात्र एकदम मोकळ्या झाल्या. डॉक्टरनं खोटं सांगितलं नाही, आता हरकत नाही, असं काहीसं त्यांच्या चेहऱ्यावर होतं. डॉक्टरांनी खिशातलं कार्ड काढून गजांतून माझ्याकडे दिलं. मी ते दोन्ही हातांनी घेतलं, नीट वाचलं आणि आता सगळं बरोबर झालं असं म्हाताऱ्या बाईला सांगितलं. परवानगी आदल्या दिवशीच आली होती, पण ते बोलायची ती वेळ नव्हती.

ऑपरेशन झालं. काही आठवड्यांत पंचफुलाबाई वॉकर घेऊन आणि मग काठी घेऊन बाजारात बसायला लागल्या. गजाननच्या हाती माझ्यासाठी वांगी यायची. सर्जनसाहेबांसाठी मेथी. वांगी जास्त मोलाची समजायची की मेथी, यावर आम्हा दोघांत बरीच चर्चा व्हायची.

पुढं डॉक्टर थकले. बायको वारल्यावर घरात कोणी उरलं नव्हतं, आणि मुलानं त्यांना पुण्याला नेलं. जायच्या आधी त्यांनी कार्डं परत करायचा पुन्हा एकदा प्रयत्न केला. एकही माणूस न्यायला आला नाही. मधल्या काळात योजना सगळ्यांना लागू झाली होती आणि डॉक्टरांचं स्वतःचं कार्डही त्याच डब्यात पडलं होतं. शेवटी डबा पंचफुलाबाईंकडे गेला, कारण बाजारात त्या सगळ्यांना सापडतात. डॉक्टरांच्या जागी कोणी कायमचं आलं नाही. रिसोडहून एक तरुण डॉक्टर येऊन-जाऊन करतो. चांगला आहे, पण त्याला अजून कोणाच्या आजोबाचं काही माहीत नाही.

आणि पंचफुलाबाईंनी काय करावं? कार्ड न्यायला कोणी आलं की त्या भाजीच्या ढिगामागून विचारायला लागल्या, कुठं चालला, कोन म्हनलं, जीभ दाखव. त्या काही औषध देत नसत, पण धडधाकट माणसाला चार प्रश्न विचारले की तो स्वतःच विचारात पडतो. नड असली तर गजाननला गाडी काढायला लावायच्या. मी त्यांना चिडवायची की आता दारावर पाटी लावा. त्या म्हणायच्या, पाटी लावली का लोक फीच्या भेवानं येत नाही.

हे असंच चाललं असतं, पण या वर्षी उन्हाळ्यात मला डॉक्टरांचा पुण्याहून फोन आला. इकडचं तिकडचं बोलले. कापसाला भाव काय, बाजार भरतो का. मग म्हणाले, "बाई, इथं जवळपास कार्ड घेणारा एखादा चांगला डॉक्टर आहे का हो? ओळखीचा असला तर बरं."

मला हसूच फुटलं. साहेब, मी म्हटलं, तुम्हीसुद्धा? मग माझं नेहमीचं वाक्य त्यांना ऐकवायला सुरुवात केली आणि मधेच थांबले, कारण पलीकडे ते हसत नव्हते. त्यांच्या हृदयाकडं जाणाऱ्या नळ्या बंद झाल्या होत्या. मुलानं योजनेतलाच एक मोठा दवाखाना शोधून ठेवला होता, तारीख द्या म्हणून मागं लागला होता, आणि डॉक्टर तारीख देत नव्हते. आपलं कार्ड केनवडला राहिलं आहे, ते आल्याशिवाय कसं जमेल, असं मुलाला सांगत होते.

कार्ड लागत नाही हे त्यांना माहीत होतं. मीच तर सांगितलं होतं. मी फोन ठेवला. ज्या माणसानं अख्ख्या गावाला जा म्हटलं, त्याला जा म्हणणारं कोणी राहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. मी केनवडला गेले आणि पंचफुलाबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी हातातला तराजू खाली ठेवला. कार्ड देते म्हणाल्या, पण आधी पेशंट दाखवा. मी डॉक्टरांना व्हिडिओ कॉल लावला. भेंडीच्या ढिगावर फोन टेकवला. पडद्यावर डॉक्टर दिसले, दाढी वाढलेली, चष्म्याला आता नवी काडी. पंचफुलाबाईंना बघून त्यांनी हसायचा प्रयत्न केला.

"जीभ दाखवा," पंचफुलाबाई म्हणाल्या.

मला वाटलं ते आता गंमत करतील. त्यांनी गंमत केली नाही. मुकाट्यानं जीभ बाहेर काढली. बाजूचा कांदेवालाही बघत होता.

"भूक लागते का?"

"नाही लागत, पंचफुला."

"भेव लागते?"

डॉक्टरांनी चष्मा काढला. "लागते," म्हणाले.

"मंग करून घ्या. मी म्हनतो. मी कार्ड घेऊन येतो."

कार्ड लागत नाही हे सांगायला मी तोंड उघडलं होतं, अगदी शब्द जिभेवर आला होता. पंचफुलाबाईंनी तोवर डबा उघडून कार्ड काढलं आणि ते लुगड्याच्या ओच्यात खोचलं. मी तोंड मिटलं आणि रिसोडहून पुण्याच्या ट्रॅव्हल्सची दोन तिकिटं काढली.

डॉक्टर आज बरे आहेत, फिरायला जातात, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचकांचा जीव टांगणीला नको. मला सांगायचं आहे ते ऑपरेशनच्या आदल्या दिवसाचं. पुण्याचा तो दवाखाना केवढा मोठा, सगळा काचेचा. पायऱ्या चढताना पंचफुलाबाईंनी काठी माझ्याकडे दिली आणि कठडा धरून एकेक पायरी चढल्या. आत शिरल्यावर डाव्या हातालाच एक टेबल होतं आणि त्यामागं एक चुणचुणीत पोरगी. माझंच टेबल पाहिल्यासारखं वाटलं, फक्त शेजारी चपला नव्हत्या. पंचफुलाबाईंनी ओच्यातून कार्ड काढून तिच्यासमोर ठेवलं आणि डॉक्टरांचं नाव सांगितलं.

पोरीनं कंप्युटरवर बघितलं. ती गोड हसून म्हणाली, "आजी, हे कार्ड लागत नाही. आधारवर सगळं दिसतं. त्यांची परवानगी तर कालच आली."

मी फरशीकडे बघायला लागले. एवढ्या वर्षांचा सगळा कारभार आता त्या टेबलावर उघडा पडला, असं मला वाटलं. म्हातारीला एवढ्या लांब उगीच आणलं म्हणून ती मला काय काय बोलेल, याची मनात उजळणी सुरू झाली.

पंचफुलाबाईंनी कार्ड उचललं, पदरानं पुसलं आणि परत ओच्यात खोचलं.

"मले माहीत आहे, पोरी," त्या म्हणाल्या. "माह्या वक्तीबी परवानगी पहिले आली होती, कार्ड मंग खिडकीतून आलं. मी काय आंधळी आहे? मले सांगतलं ते सांगतलं, आमच्या केनवडात नोको सांगू कोनाले."